चाकांवरचे बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलणे ही गोष्ट आम्हा मध्यमवर्गीयांना नवी नाही. गिरगावातल्या चाळीतून दादरला, दादरहून पार्ल्याला आणि नोकरी संपल्यावर पार्ल्याहून पुण्याला, अशी तीन बिऱ्हाडे मी स्वतः हलवली आहेत. टेम्पोत सामानाबरोबर कोण बसणार, देवांची पेटी कोणाच्या मांडीवर राहणार आणि कुंडीतल्या तुळशीचे काय करायचे, हे तीन प्रश्न दर खेपेस सारखेच असतात. परंतु अख्खे घरच जागचे उठते, स्वतःच्या चाकांनी बाजारात जाते, तिथे दुसऱ्या घराशेजारी उभे राहते आणि धनी मंडळी एका दारातून उतरून दुसऱ्या दारात चढतात, असा बिऱ्हाडबदल पाहण्याचा योग मात्र मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आला. तोही सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ बाळ १९७६ साली शिकायला म्हणून अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला. सीडर रॅपिड्स या गावी त्याने सारी नोकरी केली, घर बांधले, दोन मुले वाढवली. २००५ साली, मुले शाळेत असताना, त्याने एक मोटरहोम विकत घेतले. मोटरहोम म्हणजे काय, हे मला तेव्हा पत्रातून कळले होते. पण पत्रातून कळणे आणि प्रत्यक्ष पाहणे यांत फार अंतर असते.

ट्रकच्या चौकटीवर बांधलेले एकतीस फूट लांबीचे घर, असे त्याचे सोपे वर्णन करता येईल. पुढे चालकाची जागा. तिच्या डोक्यावर दोघांना निजता येईल असा माळा. मध्ये जेवणाचे टेबल, गॅसची शेगडी, फ्रीज, मोरी. मागे मोठ्या पलंगाची खोली आणि वाटेत संडास-न्हाणीघर. मुक्कामाला पोचल्यावर एक कळ दाबली की बैठकीच्या खोलीची भिंत कपाटाच्या खणासारखी दोन-अडीच फूट बाहेर सरकते आणि खोली एकदम ऐसपैस होते! आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत आठ माणसे राहत. तेव्हा अशी एखादी कळ असती तर किती भांडणे वाचली असती, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

माणसाला घर बरोबर घेऊन हिंडण्याची हौस जुनीच. आपल्याकडे घिसाडी मंडळींचा सारा प्रपंच बैलगाडीवर असे. भाता, ऐरण, भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे एकाच गाडीत. फरक इतकाच की, त्यांचे हिंडणे पोटासाठी होते आणि अमेरिकेतल्या लोकांचे हौसेसाठी. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने एक मोटार मांडली होती, तिच्या मागच्या आसनाचा बिछाना होई. तिथून सुरुवात. पुढे १९५८ साली मिशिगन राज्यातल्या रे फ्रँक या गृहस्थाने आपल्या कुटुंबासाठी असे चालते घर बांधले आणि मग ते विकायलाही सुरुवात केली. ‘मोटर होम’ हे नाव रूढ झाले ते या फ्रँकच्या गाड्यांमुळे, असे म्हणतात.

बाळच्या गाडीचे नाव ‘पुष्पक’. हे नाव आमच्या आईने ठेवले. २००६ साली ती अमेरिकेत गेली तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. जन्मात तिने पंढरपूर आणि काशी सोडली तर दूरचा प्रवास केला नव्हता. तिने गाडीच्या चाकांना हळदकुंकू वाहिले, फ्रीजशेजारच्या छोट्या कपाटात आपले बाळकृष्ण ठेवले आणि कपाटाच्या आतल्या अंगाला कुंकवाने स्वस्तिक काढले. पाच आठवडे ती त्या गाडीतून हिंडली. यलोस्टोनमध्ये जमिनीतून उसळणारे कढत पाणी पाहून तिने हात जोडले, आणि अशा गरम पाण्यात तांदूळ शिजायला किती वेळ लागेल, याची चौकशीही केली. २०११ साली ती गेली. स्वस्तिक राहिले.

तर अशा या पुष्पकाची सोडचिठ्ठी व्हायची होती. आम्ही उभयता आयोवात पोचलो तेव्हा बाळ त्र्याहत्तर वर्षांचा होता. जुनी गाडी देऊन, वर पैसे भरून, नवी आणि लहान गाडी घ्यायची असे नवराबायकोत ठरले होते. म्हणजे शैलाचे ठरले होते आणि बाळने मान डोलावली होती. “दादा, ही पुष्पकाची शेवटची फेरी. तू आणि वहिनी आहात तोवरच उरकू,” असे तो म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात राम नव्हता. दर दोन तासांनी तो म्हणे, “तशी गाडी अजून ठणठणीत आहे.” आणि मीही, थोरलेपणाचा अधिकार गाजवत, “जुने ते सोने, बाळ!” असे म्हणून त्याला चढवत होतो. शैला काही बोलत नसे. खिडकीबाहेर पाहत बसे. मला वाटले, बायकांना नव्याची हौस असते, दुसरे काय!

आमचा रस्ता सीडर रॅपिड्सहून पश्चिमेला एम्स आणि तिथून उत्तरेला क्लिअर लेक असा होता. आयोवा म्हणजे मक्याचा आणि सोयाबीनचा सागर. सप्टेंबरच्या मध्यावर मका वाळत आलेला असतो. जमीन मंद लाटांसारखी वरखाली होते, आणि दर काही मैलांवर धान्याची चकचकीत कोठारे नि गावाचे नाव रंगवलेली उंच पाण्याची टाकी दिसते. सगळीकडे कसे ऐसपैस, आखीवरेखीव. रस्त्याला वळण क्वचितच.

मराठी वाचकाला आयोवा ठाऊक असते ती जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरमुळे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आमच्या घरी मुलांनी आणि नातवंडांनी वाचले. गुलामगिरीत जन्मलेला तो मुलगा १८९१ साली एम्सच्या शेतकी महाविद्यालयात दाखल झाला, तिथला पहिला काळा विद्यार्थी. १८९४ साली पदवीधर झाला आणि १८९६ साली त्याने वरची पदवी घेतली. त्याच्या नावाची इमारत आज त्या विद्यापीठात आहे. ती पाहावी आणि दोन मिनिटे तिथे उभे राहावे, असे माझ्या फार मनात होते. पण एम्समध्ये शिरल्यावर एकतीस फुटांचे पुष्पक उभे कुठे करायचे? एका रस्त्याला झाडाच्या फांद्या खाली, दुसऱ्याला वळण अरुंद, तिसऱ्याच्या कडेला मोटारींची रांग. अर्धा तास आम्ही गावाभोवती नुसत्या प्रदक्षिणा घातल्या. शेवटी बाळ ओशाळून म्हणाला, “दादा, पुढच्या वेळी नक्की.” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या वेळी’ म्हणणे सोपे असते. मी ‘हो, हो’ म्हणालो.

अमेरिकेतले हे मोठे घर कुठेही जाऊ शकते; पण जिथे मन रमेल तिथे थांबू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी क्लिअर लेकच्या काठी सरकारी उद्यानात मुक्काम केला. हे तळ्याकाठचे छोटे, टुमदार गाव. इथल्या सर्फ बॉलरूम नावाच्या नृत्यगृहात १९५९ सालच्या फेब्रुवारीत बडी हॉली या तरुण गायकाने शेवटचा कार्यक्रम केला. त्याच रात्री गावाजवळ विमान कोसळून तो आणि त्याचे दोन सहकारी गायक गेले. हॉलीचे वय होते अवघे बावीस. ते नृत्यगृह अजून आहे, आणि लोक भक्तिभावाने पाहायला येतात.

मुक्कामाची जागा म्हणजे झाडाखालचा एक नंबर घातलेला तुकडा. विजेचा खांब, लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडे. गाडी उभी केली की आधी ती समतल करायची. नाही तर रात्रभर डोके खाली, पाय वर. त्यासाठी बाळने चाकांखाली फळ्या सरकवल्या, गाडी इंचभर पुढे घेतली, पाणसळ लावून पाहिली. मग विजेची जाड केबल जोडली. मोरीचे पाणी एका टाकीत जाते, संडासाचे दुसऱ्या टाकीत. दोन्ही टाक्या निघताना ठराविक जागी नळी लावून रिकाम्या कराव्या लागतात. गिरगावात ज्याने जेवलेले ताट कधी उचलले नाही, तो माझा भाऊ रबरी हातमोजे घालून हे काम मन लावून करताना पाहिला आणि देशांतराने माणसात काय फरक पडतो, हे ध्यानी आले.

रात्री सौ.ने आणि शैलाने पिठले-भात केला. लसणाच्या फोडणीचा वास शेजारच्या गाडीपर्यंत गेला असावा, कारण तिथले म्हातारे जोडपे चौकशीला आले, दोन घास चाखून गेले आणि जाताना सफरचंदांची पिशवी देऊन गेले. मोटरहोमवाल्यांत शेजारधर्म चाळीइतकाच असतो; फक्त शेजार एका रात्रीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ आंघोळीला उद्यानातल्या न्हाणीघराकडे गेला. आम्ही तिघे चहा घेत होतो. मी सहज म्हणालो, “शैला, गाडी इतकी चांगली आहे. कशाला देता? मोह पडला म्हणून नवी घ्यायची, हे काही बरे नव्हे.”

तिने कप खाली ठेवला. न्हाणीघराच्या दिशेने एकदा पाहिले.

“दादा, तुम्हाला सांगणार नव्हते. ह्यांनी शपथ घातली होती. मुलांनाही ठाऊक नाही.”

मग तिने सांगितले. २०२२ सालच्या जून महिन्यात दोघे साउथ डकोटातली बॅडलँड्सची दरीडोंगरे पाहायला निघाले होते. चेंबरलेन गावापाशी मिसूरी नदी ओलांडली की पुढे मैलोनमैल नुसते गवत आणि आभाळ. बाळला मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतली, पण पुढच्या गावी खाऊ म्हणून न्याहारी टाळली. चालवता चालवता त्याला घाम फुटला, बोलणे अडखळू लागले. कशीबशी गाडी त्याने कडेला घेतली आणि मान टाकली. शैलाने साखरेचे पाणी पाजले. शेजारून ट्रक भरधाव जात होते आणि त्यांच्या वाऱ्याने घर हलत होते.

“चाळीस मिनिटांनी पोलीस आला, दादा. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘बाई, ही गाडी तुम्हाला चालवता येते का?’ सतरा वर्षे ज्या गाडीत मी स्वयंपाक केला, पडदे शिवले, आईंना न्हाऊ-माखू घातले, ती मला चालवता येत नव्हती. मी ‘नाही’ म्हणाले. तासाभराने ह्यांना बरे वाटले, आणि पुढच्या गावापर्यंतचे बारा मैल ह्यांनीच चालवली. ते बारा मैल मी कसे काढले, माझे मला ठाऊक.”

असल्या धुडाला तिकडे वेगळा परवाना लागत नाही. साधा मोटारीचा परवाना पुरतो. तेव्हा अडचण कायद्याची नव्हती. शैलाने दोनदा प्रयत्न करून पाहिला होता. पण ती चणीने लहान. मागे एकतीस फूट घर घेऊन वळताना तिचे हातपाय गार पडत. आणि बाळ शेजारी बसून इतक्या सूचना करी की, तिने तो नाद सोडला.

“म्हणून लहान गाडी,” ती म्हणाली. “मला चालवता येईल अशी. नाही तर आता हिंडणेच बंद.”

सौ.ने माझ्याकडे पाहिले. पन्नास वर्षांच्या संसारात तिने असे पाहिले की मी गप्प राहतो. तसा राहिलो.

त्या दिवशी रविवार होता आणि डीलरकडे सोमवारी जायचे होते, म्हणून तीसेक मैलांवरचे फॉरेस्ट सिटी हे गाव पाहून आलो. चार हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव मोटरहोमवाल्यांचे एक क्षेत्रच म्हणायचे. १९५०नंतरच्या वर्षांत शेतीचा जोर ओसरला, तरुण गाव सोडून जाऊ लागले. तेव्हा जॉन हॅन्सन नावाच्या तिथल्या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला. त्याच्या घराण्याचा धंदा लाकडी सामान विकण्याचा आणि अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला गळ घालून १९५८ साली गावात फिरत्या घरांचा कारखाना आणवला. तो लवकरच डबघाईला आला, तेव्हा गावकऱ्यांनीच तो विकत घेतला. पुढे त्याला ‘विनेबागो’ हे नाव मिळाले, आणि १९६६ साली तिथून पहिली मोटरहोम बाहेर पडली. इतरांपेक्षा पुष्कळ स्वस्त. १९७०नंतर गावातले कित्येक साधे भागधारक श्रीमंत झाले. आमचे पुष्पक मात्र दुसऱ्याच कारखान्यातले. आज अशा गाड्यांचा मोठा भाग इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात तयार होतो.

विनेबागो हे त्या परगण्याचे नाव. आणि परगण्याला ते मिळाले एका आदिवासी जमातीवरून. ते लोक स्वतःला हो-चंक म्हणवतात. १८४० साली त्यांना विस्कॉन्सिनमधून आयोवात हलवले. १८४८ साली आयोवातून मिनेसोटात. १८६३ साली तिथून साउथ डकोटात. आणि शेवटी ते नेब्रास्कात आले. आदल्या दिवशी टामा गावाजवळून जाताना दुसऱ्या एका जमातीची, मेस्क्वाकींची, वस्ती लागली होती. त्यांनी मात्र १८५७ साली पदरचे पैसे घालून ऐंशी एकर जमीन विकत घेतली आणि तिथेच पाय रोवले. ज्यांची बिऱ्हाडे सरकारने पुन्हा पुन्हा उठवली, त्यांचे नाव हौसेने हिंडणाऱ्या घरांवर झळकते आहे, हे पाहून मन थोडे उदास झाले. बिऱ्हाड आपणहून बदलणे आणि बदलावे लागणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि बाळची गोष्ट यांतली कोणती, हेही मला धड ठरवता येईना.

सोमवारी डीलरकडे गेलो. विस्तीर्ण आवारात दोन-तीनशे घरे रांगेने उभी. जणू एखादे गाव रात्रीतून चालत येऊन थांबले आहे. गाडीची किंमत ठरवायला तांबूस दाढीचा एक धिप्पाड गृहस्थ आला. आपल्याकडे मुलगी पाहायला येतात तशी त्याने पुष्पकाची पाहणी केली. आधी टायर. रबराच्या कडेवर चार आकडी खूण असते; पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती. पण या गाड्या वर्षातले बहुतेक दिवस उभ्याच असतात आणि टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. सात वर्षे म्हणजे बदलायला आले. मग त्याने भिंती बोटांनी ठोकून पाहिल्या. कलिंगडवाला ठोकतो तशा. आत पाणी मुरले असेल तर आवाज बद्द येतो आणि बाहेरचा पत्रा फुगतो. शिडी लावून छपरावर चढला, सांध्यांतला लांबीसारखा मसाला तपासला. जनरेटर किती तास चालला, गाडी किती मैल पळाली, हे टिपून घेतले. एकाहत्तर हजार मैल.

मग तो आत शिरला आणि एकेक कपाट उघडू लागला. फ्रीजशेजारचे कपाट उघडून तो थबकला. खिशातला दिवा काढून त्याने आतल्या अंगावर धरला. तांबूस डाग! त्याने बाळकडे वळून विचारले, “इथे पाणी गळले होते का?”

बाळच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तो म्हणाला, “नाही. ते माझ्या आईने काढले आहे.”

त्या गृहस्थाने अंगठ्याने लाकूड दाबून पाहिले. कोरडे होते, टणक होते. “लाकूड चांगले आहे,” एवढेच तो म्हणाला आणि कपाट हलकेच लावून पुढे गेला. त्याच्या कागदावर त्या डागाचा आकडा पडला नाही, अधिक नाही आणि उणेही नाही.

जुन्या गाडीचे त्याने चौदा हजार डॉलर सांगितले. बाळच्या मनात वीस होते. बाहेर कोणाला परस्पर विकली तर जास्त येतील. पण मग अनोळखी माणसे घरी येणार, घासाघीस करणार. शिवाय आयोवासह बऱ्याच राज्यांत अशी अदलाबदल केली की जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो. हे सारे बाळला ठाऊक होते. त्यानेच मला वाटेत समजावून सांगितले होते. तरी तो ताडकन उठला. “चौदा हजार? चला! आपल्याला द्यायचीच नाही.” त्याच्या चेहऱ्यावर रागापेक्षा सुटकाच जास्त दिसली.

शैला उठली नाही. मांडीवर हात ठेवून ती बसून राहिली. साउथ डकोटातल्या त्या रस्त्यावर ती अशीच बसली असेल.

मी म्हणालो, “बाळ, किमतीचे मागाहून पाहू. शैलाला एकदा नवी गाडी चालवून तर पाहू दे.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला कळले आहे, हे त्याला कळले. आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच बोलल्या जातात. तो पुन्हा खाली बसला.

नवी गाडी एकवीस फुटांची. बाहेरून एखादी मालवाहू व्हॅन वाटावी. तिचे मूळ यंत्र रॅम प्रोमास्टरचे, आणि ती फियाटच्या ड्युकाटो या गाडीची अमेरिकी बहीण. फियाट हे नाव ऐकून मला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. मुंबईत आमची उभी हयात काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीत गेली, आणि तिची वारस प्रीमियर पद्मिनी २०२३ सालच्या ऑक्टोबरातच रस्त्यावरून निवृत्त झाली. व्हॅनच्या आत मात्र सगळे छोटे छोटे. दोन चुलींची शेगडी, हाताएवढी मोरी, न्हाणीघर आणि संडास एकाच कोनाड्यात. मागे दोघांपुरता बिछाना. छपरावर सूर्यावर चालणाऱ्या विजेच्या पाट्या. पुष्पक गॅलनला आठ-नऊ मैल जाई, म्हणजे लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर. ही जवळजवळ दुप्पट जाते. किंमत एक लाख पंचेचाळीस हजार डॉलर! तेवढ्यात पुण्याला कोथरूडमध्ये बरासा फ्लॅट येईल. डीलर पंधरा वर्षांच्या हप्त्यांचे सांगू लागला, तेव्हा बाळ हसून म्हणाला, “म्हणजे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत माझी हमी तुम्ही घेता का?” तो हसला, तेव्हाच मी ओळखले की गाडी ठरली.

शैला चालकाच्या जागी बसली. आसन पुढे घेतले, आरसे वळवले, पदर नव्हता तरी खांद्यापाशी हात नेला. आम्ही मागे. बाळ शेजारी. आवाराबाहेर पडताना त्याने तोंड उघडले, ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “आता तुम्ही बोलू नका.” आणि मक्याच्या शेतांमधून सहा मैल जाऊन, एका शेतकऱ्याच्या फाटकापाशी वळवून, तिने गाडी परत आणून रांगेत बिनचूक उभी केली.

कागदपत्रे दुसऱ्या दिवशी व्हायची होती. ती रात्र आम्ही डीलरच्याच आवारात, पुष्पकात काढली. सामान काढू लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा संसार बाहेर आला. पोळपाट, तीन छत्र्या, मुलांचे पत्ते, कुठल्या कुठल्या नद्यांतले गोटे, आईची जपमाळ ठेवायची रिकामी पिशवी. आठ ताटांतली चारच नव्या घरात मावली. सौ. ताटे मोजत होती, तेव्हा शैला एकदम म्हणाली, “वहिनी, बसायला चार जागा आहेत. पण निजायला दोघांनाच. तुम्ही आणि दादा पुन्हा आलात, तर...”

“तर आम्ही घरी निजू आणि दिवसा हिंडायला येऊ,” सौ. म्हणाली. “एवढे काय त्यात!”

पण ताटे मोजायला तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

मंगळवारी सकाळी दोन्ही घरे दाराला दार लावून उभी केली. सारे हलवून झाल्यावर बाळ एकटाच पुष्पकात परत गेला. मला वाटले, स्वस्तिकाचे कपाट उचकटून आणतो की काय. पण तो नुसता किल्ल्या घेऊन आला. “राहू दे तिथेच,” तो म्हणाला. “पुढचा जो घेईल त्याच्या प्रवासाला होईल.” बाळकृष्ण मात्र नव्या गाडीच्या फळीवर बसले होते. तुळशीचा प्रश्न या बिऱ्हाडबदलात नव्हता. देवांचा मात्र सुटला.

परतीच्या वाटेवर एम्स लागले. एकवीस फुटांची गाडी विद्यापीठाजवळ एका झाडाखाली सहज मावली. कार्व्हरच्या नावाच्या त्या इमारतीसमोर मी दोन मिनिटे उभा राहिलो. ‘पुढची वेळ’ तीन दिवसांत आली होती.

तिथून पुढे पुन्हा शैलानेच चालवली. पहिले काही मैल बाळचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. दोन ट्रक शेजारून गेले तेव्हा त्याने दाराची कडी घट्ट धरली. मग हळूहळू हात सैल पडला. मार्शलटाउनची पाटी मागे गेली तेव्हा मी पुढे वाकून पाहिले. बाळची मान कलली होती. माझ्या छातीत धस्स झाले. मी शैलाकडे पाहिले. तिने आधीच पाहिले होते.

“झोपलेत,” ती हळूच म्हणाली. “एकोणीस वर्षांत वाटेत कधी झोपले नव्हते.”

आणि तिने गाडीचा वेग थोडा कमी केला.